माझा चेडू खंय पोचला?

धावणाऱ्याचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि आपण

पावसाळा सरला की मालवण किनाऱ्यावर पहाटेच्या अंधारात पावलांचे आवाज ऐकू येऊ लागतात. तारकर्ली-देवबागच्या वाळूवर, कसालकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने, गावोगावच्या सड्यांवर मुले-मुली धावत असतात. कुणाला पोलीस भरती गाठायची असते, कुणाला सैन्यात जायचे असते, कुणाला शाळेच्या स्पर्धेतून जिल्ह्यापर्यंत मजल मारायची असते. यांत आपल्या बौद्धवाड्यांतील मुले पुष्कळ. बाप मुंबईला चाकरीत, आई काजूच्या कारखान्यात नाहीतर दुसऱ्याच्या शेतात. पायांतले बूट थोरल्या भावाचे. पण धाव स्वतःची.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात दहा किलोमीटरची एक स्पर्धा झाली. वाट गावातून निघून सड्यावर चढायची आणि काजूच्या बागांतून फिरून परत खाली यायची. आमच्या वाडीतली अकरावीतली एक मुलगी त्यात उतरली होती. पहिले आले, दुसरे आले, टाळ्या झाल्या, बक्षिसे वाटली, पाहुण्यांची भाषणे झाली. मंडप उतरवायला सुरुवात झाली तरी मुलीचा पत्ता नाही. तिची आई ज्याला त्याला विचारत होती, "माझा चेडू खंय पोचला?" उत्तर एकच, "येईल मागून." शेवटी तिचा काका मोटारसायकल घेऊन सड्यावर गेला. मुलगी काजूच्या झाडाखाली घोटा धरून बसली होती. पाय मुरगळून दीड तास झाला होता. जवळचे पाणी संपले होते. छातीवर मोठ्या अक्षरांत नंबर होता. तो नंबर शेवटचा कुठे दिसला, हे मात्र कुणीच टिपून ठेवले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही एका प्रश्नाच्या मागे लागलो. धावणारा माणूस या क्षणी कुठे आहे, हे कळण्याची सोय करता येते का? येत असेल तर ती गरिबाच्या पोराला परवडेल का? आणि ती केली तर त्यातून आणखी काय काय निघेल?

पायातली चिप काय सांगते

शर्यतीत यंत्र आले ते आधी वेळ मोजायला. १९८० साली अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ नावाची बाई महिलांत पहिली आली. चौकशीत असे दिसले की तिने सगळी वाट धावलीच नव्हती. शेवटच्या टप्प्यात ती गर्दीतून वाटेवर शिरली होती. तिचे विजेतेपद काढून घेतले आणि ते कॅनडाच्या जॅकलिन गारो यांना दिले. खरी धावलेली बाई त्या दिवशी आपल्या मानाला मुकली होती. वाटेवर कोण कुठे होते याची नोंद नसली की असा अन्याय होतो.

१९९० नंतरच्या दशकात बुटाला बांधायची चिप आली. तिच्यात बॅटरी नसते. वाटेवर ठरावीक जागी चटई अंथरलेली असते. चटईतून निघणाऱ्या रेडिओलहरी चिपला क्षणभर जाग आणतात, चिप आपला नंबर बोलते आणि चटईला जोडलेले यंत्र वेळ लिहून घेते. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनसारख्या मोठ्या स्पर्धांत हजारोंची वेळ अशीच घेतली जाते. गेल्या काही वर्षांत पोलीस भरतीच्या मैदानावरही अनेक ठिकाणी उमेदवारांच्या पायाला अशी चिप बांधतात. आपल्या मुलांसाठी हे चांगलेच झाले. शिट्टी आणि घड्याळ ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर सेकंद अवलंबून राहत नाहीत. सोळाशे मीटरच्या धावेत एका सेकंदाने गुण जातात आणि गुणाने घराचे नशीब पालटते.

पण या चिपला फक्त चटई ओळखता येते. पहिल्या चटईवरून मूल गेले आणि दुसऱ्या चटईवर आले नाही, एवढेच ती सांगेल. मधल्या पाच किलोमीटरमध्ये ते कुठे पडले, हे तिला ठाऊक नसते. त्यासाठी वेगळे यंत्र लागते.

आकाशातून मिळणारा पत्ता

हे यंत्र आकाशातील उपग्रहांचे बोल ऐकते. अमेरिकेची जीपीएस व्यवस्था १९९५ साली पूर्णपणे सुरू झाली. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, "मी अमुक, मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात एवढे वाजले." आपल्याजवळचे यंत्र तो संदेश पोचायला किती वेळ लागला ते पाहते आणि त्यावरून अंतर काढते. निदान चार उपग्रहांचे अंतर मिळाले की आपली जागा ठरते. रेडिओलहर एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जाते. म्हणजे घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते! म्हणूनच या उपग्रहांत अणुघड्याळे बसवलेली असतात.

सुरुवातीला अमेरिकेने सामान्य लोकांसाठी या संदेशात मुद्दाम गोंधळ मिसळला होता, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० मध्ये तो काढला आणि मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंत अचूक जागा सर्वांना मिळू लागली. यासाठी पैसे पडत नाहीत. जीपीएस ऐकणे आकाशवाणी ऐकण्यासारखेच फुकट आहे.

इथे अनेकांची एक गैरसमजूत असते. उपग्रह आपल्याला पाहत नाही. आपली जागा आधी आपल्या यंत्रालाच कळते. ती दुसऱ्याला कळवायची तर यंत्राला बोलावे लागते, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

यंत्र बांधताना येणाऱ्या अडचणी

धावणाऱ्याचे यंत्र म्हणजे पाच गोष्टी: उपग्रहाचे ऐकणारा भाग, हिशेब करणारी छोटी चिप, संदेश पाठवणारा रेडिओ, बॅटरी आणि या सगळ्यांना सांभाळणारी डबी. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलांना यातले सुटे भाग ओळखीचे आहेत. कठीण आहे ते या पाचांचे भांडण मिटवणे.

पहिले भांडण बॅटरीचे. ताशी बारा किलोमीटर वेगाने धावणारा एका मिनिटात २०० मीटर पुढे जातो. दर मिनिटाला संदेश पाठवला तर शोधायला जाणाऱ्याला २०० मीटरचा पट्टा पाहावा लागेल. बॅटरी वाचवण्यासाठी पाच मिनिटांनी पाठवला तर तोच पट्टा एक किलोमीटरचा होतो. बॅटरी मोठी घ्यावी तर वजन वाढते. खिशातला फोन पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा. तो दहा किलोमीटर दंडावर आपटत राहिला तर पोर कंटाळून काढून टाकील.

दुसरे भांडण जागेचे. माणसाच्या अंगात पाणी भरपूर, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेते. यंत्र पोटाशी बांधले तर अर्धे आकाश अंगानेच झाकले जाते. म्हणून ते दंडावर किंवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीवर वरच्या बाजूला ठेवणे बरे. आमराईत किंवा काजूच्या दाट बागेत ओल्या पानांखाली संदेश आणखी दुबळा होतो. मग एका जागी बसलेले मूलही नकाशावर इकडेतिकडे उड्या मारताना दिसते. यंत्र शर्यतीच्या थोडे आधी मोकळ्यावर चालू करून ठेवावे लागते, कारण उपग्रह हुडकायला त्यालाही वेळ लागतो.

तिसरे, आपल्या किनाऱ्याचे खास दुखणे. खारे वारे आणि घाम. होडीच्या इंजिनाचे काय होते ते मालवणात कुणाला सांगायला नको. तांब्याच्या बारीक तारेवर हिरवा गंज चढतो आणि एक दिवस यंत्र मुके होते. डबीला पाणी जाणार नाही अशी रबरी कड हवी, आणि भारित करायची जागाही झाकलेली हवी.

चौथे आणि सर्वांत मोठे भांडण रेंजचे. मालवणच्या बाजारात फोन खणखणीत चालतो, पण सडा ओलांडून खाली वहाळाकडे उतरले की आवाज तुटतो. जिथे मूल पडण्याची भीती जास्त, तिथेच रेंज कमी! यावर उपाय दोन. एक, रेंज नसताना यंत्राने जागा आपल्याजवळ साठवावी आणि रेंज मिळताच सगळी एकदम पाठवावी. दुसरा, 'लोरा' नावाचा कमी शक्तीचा रेडिओ. तो फार थोडे बोलतो, पण मोकळ्या जागेत काही किलोमीटरपर्यंत ऐकू जातो. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अशी कमी शक्तीची साधने परवान्याशिवाय वापरता येतात. सड्याच्या सर्वांत उंच घरावर याचा ऐकणारा खांब उभारला तर सिमकार्डाशिवाय काम भागते. नंबर, जागा आणि वेळ, एवढाच तर संदेश असतो. शंभर धावपटूंनी दर मिनिटाला तो पाठवला तरी तासाला सहा हजार छोटे संदेश होतात. ते ऐकायला मोठा कारखाना लागत नाही. मात्र सगळ्यांनी एकदम बोलून गोंधळ करू नये म्हणून प्रत्येकाची बोलण्याची पाळी लावून द्यावी लागते.

इथे एक सावधगिरीची सूचना. थेट उपग्रहाशी बोलणारी परदेशी साधने आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या गोव्यातील विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईला अशाच साधनामुळे पोलिसांना तोंड द्यावे लागले. आखातात असलेल्या भावाकडून असे काही मागवण्यापूर्वी विचार करावा.

दर्यावरचा अनुभव

ही गरज फक्त धावणाऱ्यांची नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते. तिथे पोहणाऱ्या मुलांच्या सोबत होड्या असतात, कारण लाटांत एक डोके कधी दिसेनासे होईल याचा नेम नाही. आणि मच्छीमार तर रोजच त्या शर्यतीत असतो. त्यांच्यासाठी इस्रोने विकसित केलेली यंत्रे नौकांवर बसवण्याची देशव्यापी योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच कोकण किनाऱ्यावर, पालघर येथे सुरू झाली. किनारपट्टीच्या तेरा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख नौकांवर ती बसवायची आहेत. मोबाईलची रेंज नसलेल्या समुद्रातही नौकेवरून संकटाचा संदेश किनाऱ्यावर येतो आणि किनाऱ्यावरून वादळाचा इशारा नौकेवर जातो. हे दोन्ही बाजूंनी बोलणे आम्हाला फार मोलाचे वाटते. जे यंत्र फक्त वरच्याला सांगते आणि खालच्याला काहीच सांगत नाही, ते अर्धेच यंत्र.

यंत्र होते, तरीही

म्हणजे यंत्र बांधले की काळजी मिटली? २२ मे २०२१ रोजी चीनमधील गान्सू प्रांतात डोंगरातली शंभर किलोमीटरची शर्यत झाली. १७२ जण धावत होते. अचानक थंडी, गारा आणि सोसाट्याचा वारा आला, आणि २१ जण गारठून मरण पावले. धावपटूंजवळ ठावठिकाणा सांगणारी यंत्रे होती, संकटाची कळही होती. पण वाऱ्यापासून बचाव करणारा कोट सक्तीचा केला नव्हता आणि मदत वेळेवर वर पोचली नाही. त्या दिवशी सहा जणांचे प्राण वाचवले ते झू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने. त्याने त्यांना आपण आसरा घेतलेल्या गुहेत नेले आणि शेकोटी पेटवली.

दूर कशाला जायचे? जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या धावेत काही तरुणांनी प्राण गमावले. ते सर्वांच्या नजरेसमोर होते. त्यांचा ठावठिकाणा शोधायचा नव्हता. ऊन, दमटपणा, रिकामे पोट आणि नोकरीची आस यांनी त्यांना मारले. त्यानंतर धावेचे अंतर कमी करण्यात आले. आपल्या किनाऱ्याची हवाही अशीच दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मूल थांबले आहे हे यंत्र सांगेल. पाणी घेऊन जायला माणूसच लागेल.

खूण कुणासाठी?

आता आणखी एक गोष्ट, जी आपल्या समाजाला विसरता येणार नाही.

आपल्या अंगावर खूण बांधणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईतील हकीकत सांगितली आहे. अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके अडकवायचे. अस्पृश्य कुठून चालला आहे हे इतरांना कळावे, म्हणून ही खूण. ती धारण करणाऱ्याच्या भल्यासाठी नव्हती. तसेच धावणेही आपल्याला नवे नाही. महार वतनात सरकारी सांगावा, मयताची बातमी, साहेबाचे सामान, हे सारे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पायांवर चाले. रात्र असो, पाऊस असो, हाक आली की निघायचे. त्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि १९५८ च्या कायद्याने ती वतने संपली. आज महार रेजिमेंटचा जवान, बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि पुढच्याच वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकतो, तेव्हा आम्हाला वाटते की धाव वेठीतून सुटून मानाची झाली.

पण खूण सुटली का? गेल्या दशकात नागपूर, चंदिगड अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधण्यात आली. कामगार कुठे आहे, किती वेळ थांबला, हे कचेरीत बसून दिसावे म्हणून. चंदिगडच्या कामगारांनी २०२० साली त्याविरुद्ध आवाज उठवला. गटारात उतरणाऱ्या माणसाचा श्वास कोंडला तर मदत धावावी, म्हणून तेच यंत्र वापरले असते तर कुणी विरोध केला असता? यंत्र तेच, ते बांधतो कोण आणि पाहतो कोण, यावर सगळे ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगी आयुष्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदात सामावलेला मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. हे कामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

मुलींच्या बाबतीत तर अधिक जपायला हवे. मुलगी पहाटे कोणत्या वाटेने एकटी धावते, हे गावभर दिसू लागले तर काळजीच्या यंत्रानेच धोका ओढवेल. आणि घरच्यांनीही काळजीच्या नावाखाली तिच्या प्रत्येक पावलावर पहारा ठेवू नये. ती धावायला निघाली आहे, पळून जायला नव्हे!

आपण काय करावे?

जयंती महोत्सवात, क्रीडा मंडळात, शाळेत धावण्याची स्पर्धा घेताना महागडे यंत्र नसले तरी अडत नाही. आमच्या मते एवढे तरी करावे:

१. किती सुटले आणि किती परत आले, ही मोजणी जुळल्याशिवाय मंडप उतरवू नये. बक्षीस समारंभही त्यानंतर.

२. दर दोन किलोमीटरवर पाणी आणि वहीवाला माणूस. गेलेल्या प्रत्येक नंबरापुढे वेळ लिहायची. हे काम महिला मंडळ उत्तम करते.

३. शेवटच्या धावपटूच्या मागे एक सायकल किंवा मोटारसायकल. तिच्या पुढेच सगळी मुले असली पाहिजेत.

४. सरावाला जाताना ज्याच्याकडे फोन आहे त्याने व्हॉट्सॲपवर चालू ठिकाण घरच्या एकाच माणसाला पाठवावे. पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास, अशी मुदत निवडता येते. एक तास पुरे. रेंज गेली तरी शेवटची दिसलेली जागा कामाला येते; शोध तिथून सुरू करावा.

५. यंत्र बांधलेच तर धावणाऱ्याला विचारून बांधावे, शर्यत संपताच बंद करावे आणि साठवलेली माहिती पुसून टाकावी.

६. पडद्यासमोर एक जबाबदार माणूस आणि निघायला तयार असे एक वाहन. हे दोन नसतील तर यंत्र विकत घेऊ नये. तेवढ्या पैशांत बूट घ्यावेत.

तंत्रनिकेतनात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलांना आमचे एक सांगणे आहे. शेवटच्या वर्षी काहीतरी यंत्र बनवून दाखवायचे असतेच. मग हेच बनवा. सड्यावर चालेल, घामाला टिकेल, रेंज नसली तरी आठवण ठेवील आणि आपल्या वाडीला परवडेल असे. बनवताना आधी त्या मुलीला विचारा, तिला ते कुठे बांधले तर टोचणार नाही.

घोटा बरा झाल्यावर ती मुलगी पुन्हा धावू लागली. आता पहाटे तिच्या मागून काका सायकलवर असतो, आणि वाटेवरच्या दोन घरांतल्या बाया अंगण झाडताना ती गेली की एकमेकींना हाक देतात. तिच्या आईला आता कुणाला विचारावे लागत नाही.